दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे खरंच लढले तर? घरीच बनवा सोपा युद्धखेळ

टेंभुर्णी (सोलापूर) : दिवाळी संपते, किल्ला मोडतो आणि प्लास्टिकचे मावळे पुन्हा डब्यात जातात. टेंभुर्णी असो की पुणे, चित्र सारखंच. पण हेच मावळे, एक फासा आणि मोजके नियम यांवर युद्धखेळ उभा राहतो. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांसाठी असेच नियम लिहिले होते.

लढाई कोणती?
घोडखिंडीची. १३ जुलै १६६० रोजी शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत बाजीप्रभू देशपांडे यांनी ही खिंड अडवून धरली. आज ती पावनखिंड म्हणून ओळखली जाते.

नियम काय?
- दोन विटांमध्ये तीन सैनिक मावतील एवढी फट ठेवा. ही झाली खिंड.
- एकाकडे ८ मावळे, दुसऱ्याकडे २० सैनिक.
- प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंचे पुढचे तिघेच लढतात. प्रत्येकासाठी एकदा फासा टाका.
- मावळ्याला ४, ५ किंवा ६ पडले की समोरचा एक बाद. शत्रूला ५ किंवा ६ लागतात.
- दोघांचे फासे टाकून झाल्यावरच बाद झालेले उचला.
- आठ फेऱ्यांनंतर एक जरी मावळा उभा असेल, तर महाराज गडावर पोहोचले. मावळे जिंकले!

यातली मेख
इथे शत्रू संपवायचा नसतो, वेळ काढायचा असतो. अरुंद खिंडीत २० जणांचं बळ तिघांवर येतं. फट चौघांची करा, मावळ्यांना टिकणं अवघड होईल.

पाच डाव खेळून बघा. दरवेळी एकच बाजू जिंकत असेल तर नियम बदला, पण एका वेळी एकच. तरच फरक कशामुळे पडला ते कळेल.