यंत्राची किंमत आणि कायद्याचे मौन

राजधानीत धोरणे केवळ विधेयकांतून घडत नाहीत. संसदेतील लेखी उत्तरांतूनही ती आकार घेत असतात. अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी २१ मार्च २०२२ रोजी लोकसभेत दिलेले उत्तर या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. आभासी चलन ‘खणण्यासाठी’ उभारलेल्या यंत्रणेचा खर्च हा भांडवली स्वरूपाचा असून तो त्या चलनाच्या संपादनाचा खर्च मानता येणार नाही, सबब त्याची वजावटही मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. यंत्रांचे भाव जगभर भडकलेल्या काळातच हे उत्तर आले होते.

हे भाव का भडकतात? बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद पक्की करण्यासाठी जगभरची यंत्रे अखंड आकडेमोडीची शर्यत लावतात आणि जिंकणाऱ्यास नवी नाणी मिळतात. साहजिकच नाण्याचा भाव चढला की यंत्राची मागणी वाढते. शिवाय दर चार वर्षांनी हे बक्षीस निम्मे होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ६.२५ वरून ३.१२५ नाण्यांवर आले. त्यामुळे कालचे यंत्र आज परवडत नाही. २०१६ सालचे ‘अँटमायनर एस९’ जे काम करी, तेवढेच काम नवे ‘एस२१’ पाचव्या हिश्श्याहूनही कमी विजेत करते. या यंत्रांचा बाजार बिटमेन, मायक्रोबीटी व कनान या मूळच्या तीन चिनी कंपन्यांच्या मुठीत आहे. भारतीय खरेदीदाराला त्यावर आयातीच्या वेळी १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर मोजावा लागतो.

या महागाईची झळ केवळ खाणवाल्यांपुरती राहिली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेले एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ३०८०’ हे ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी दुय्यम बाजारात दुपटीहून अधिक भावाने विकले जात होते. चिपटंचाई आणि इथेरियमचे खाणकाम ही त्यामागची प्रमुख कारणे होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली, तेव्हा ती मागणी ओसरली.

आता कराचे गणित पाहू. समजा, एखाद्याने तीन लाख रुपयांचे यंत्र घेतले. साडेतीन हजार वॅटचे ते यंत्र दिवसाला ८४ युनिट वीज खाते. आठ रुपये दराने वर्षाचे बिल सुमारे दोन लाख ४५ हजार होते. वर्षभरात त्याने मिळवलेली नाणी पाच लाखांना विकली गेली, तर यंत्र व वीज धरून पहिल्या वर्षी तो ४५ हजारांनी तोट्यात आहे. परंतु २०२२ च्या वित्त कायद्याने संपादनखर्चाखेरीज अन्य वजावटीला मनाई केली आणि यंत्राचा खर्च त्यातही बसत नाही. म्हणजे संपूर्ण पाच लाखांवर ३० टक्के, अर्थात दीड लाख रुपये कर, वर उपकर निराळा!

सरकारची बाजू अगदीच लंगडी नाही. ज्या देशात शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते, तिथे ती अशा शर्यतीत का घालवावी, हा प्रश्न रास्त आहे. मग तसे स्पष्ट सांगावे. सुभाषचंद्र गर्ग समितीने २०१९ मध्ये तसे सांगितले होते; तिच्या विधेयकाच्या मसुद्यात खाणकामासह सर्व व्यवहारांवर बंदी आणि दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. ते विधेयक संसदेत आलेच नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक रद्द केले. बँकेचा कल बंदीकडेच असल्याचे जुलै २०२२ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितले. मात्र आंतरराष्ट्रीय सहकार्याविना कायदा परिणामकारक ठरणार नाही, अशी पुस्तीही जोडली. तोवर कर लागू झालेला होता.

शेजारच्या भूतानने आपल्या जलविद्युतेवर सरकारी कंपनीमार्फत हेच खाणकाम केले. चीनने २०२१ मध्ये ते मोडून काढले. दोन्ही निर्णयांवर वाद होऊ शकतो, पण ते निर्णय आहेत. दिल्लीचा खेळ मात्र तळ्यात की मळ्यात असाच राहिला. गंमत अशी की, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ग्राफिक्स प्रोसेसर सवलतीत मिळावेत म्हणून याच सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींचे अभियान मंजूर केले. तिथे आकडेमोडीचे यंत्र राष्ट्रीय संपत्ती ठरते. खाणवाल्याच्या हिशेबवहीत मात्र त्याला जागाच नाही.

अशा मौनाची किंमत प्रामाणिक माणूसच मोजतो. खर्च दाखवून उपयोग नसेल, तर उत्पन्न दाखवण्याचा मोह टिकत नाही. उद्योग अंधारात जातो आणि वीजचोरीपासून करचुकवेगिरीपर्यंतचे प्रश्न अखेर खालच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतात. बंदी घालायची तर कायद्याने घालावी. कर घ्यायचा तर हिशेब पुरता धरावा. उत्पन्नात वाटा मागणाऱ्या सरकारला खर्चाकडे पाठ फिरवता येणार नाही.