पंख्याने कधी फिरायचं, हे ठरवतं कोण?

मे महिन्यात कारखाने सुटायच्या वेळी वालीव नाक्यापासून वसई फाट्यापर्यंतचा रस्ता पाहावा. गाळ्यांतून माल भरून निघालेले टेम्पो, रिक्षा, कंपन्यांच्या बस आणि त्यांच्यात सापडलेल्या चारचाक्या, सगळं मुंगीच्या पावलांनी सरकत असतं. हवा दमट, वारा पडलेला. आणि प्रत्येक चालू इंजिनाच्या पोटात मिनिटाला शेकडो वेळा भडका उडत असतो, त्याचं तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर. ज्या ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर तो उडतो, ते ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही गाड्या वितळत नाहीत, चालत राहतात.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून कमीच भाग चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि तेवढाच इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, म्हणजे कूलंटमध्ये उतरतो. गाडी नुसती उभी असली तरी छोट्या इंजिनाकडून कूलंटला दोन-अडीच किलोवॅट उष्णता मिळत राहते, म्हणजे घरातला गिझर बंदच न केल्यासारखं. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटरमधून आरपार जातो आणि ही उष्णता घेऊन जातो. ट्रॅफिकमध्ये मात्र वारा कुठून आणायचा? तिथे सगळी भिस्त रेडिएटरला चिकटलेल्या पंख्यावर.

हा पंखा पूर्वी इतका शहाणा नव्हता. मुंबईकरांच्या पिढ्यांनी जिच्यातून प्रवास केला, त्या प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन संथ तर पंखा संथ. म्हणजे गरज नेमकी उलटी! मोकळ्या रस्त्यावर वारा फुकट मिळत असताना तो जीव तोडून फिरायचा आणि सिग्नलला, जिथे त्याची खरी गरज, तिथे मंदावायचा. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. पट्टा रेडिएटरच्या तोंडापर्यंत पोचण्याची सोयच राहिली नाही, म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर द्यावी लागली. जागेच्या अडचणीतून झालेला हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पंख्याची इंजिनाशी बांधलेली गाठ त्याने सोडवली. आता त्याने कधी फिरायचं हे वेगळं ठरवता येणार होतं. सुरुवातीला ते काम एक साधा उष्णतेवर चालणारा स्विच करायचा. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं आणि निर्णय ईसीयूकडे, म्हणजे गाडीतल्या संगणकाकडे गेला.

ईसीयूला ताप कळतो कसा, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. त्याला अंश सेल्सियस दिसतच नाहीत. कूलंटच्या वाटेवर पितळी नटासारखा एक सेन्सर बसवलेला असतो, त्यात तापलं की विजेला कमी अडवणारा पदार्थ असतो. नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर १०० अंशांना दोनशेच्याही खाली. ईसीयू स्वतःच्या एका रोधातून त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. इंजिन गार असताना अडीचच्या आसपास, चांगलं तापल्यावर अर्ध्या व्होल्टच्याही खाली. एवढ्या एका आकड्यावरून तो आपल्या तक्त्यात तापमान शोधतो.

समजा, या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली. मग ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. हिशेबाने याचा अर्थ इंजिन शून्याखाली चाळीस अंशांवर गोठलंय! वालीवमध्ये हे शक्य नाही, एवढं शहाणपण त्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं. तो पी०११८ हा कोड नोंदवतो आणि बहुतेक गाड्यांमध्ये पंखा सरळ चालूच ठेवतो. खात्री नसेल तेव्हा गार करत राहा, इंजिन जळू देऊ नका, असा तो निर्णय. ज्या कोणी तो प्रोग्राम लिहिला, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आता निर्णय झाला, पण तो अमलात आणायचा कसा? छोट्या गाडीचा पंखा १० ते २० ॲम्पिअर खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. ईसीयूच्या बारीक ट्रान्झिस्टरला हे झेपणारं नाही. म्हणून मध्ये रिले येतो. रिले उलटा करून पाहिला तर पायांशेजारी ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे कोरलेले दिसतात. ते जर्मन मानकातून आले आणि जगभर रूढ झाले. ३० वर बॅटरीची लाइन फ्यूजमधून येते, ८७ वरून ती पंख्याकडे जाते. ८५ आणि ८६ च्या मध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्याच्या एका टोकाला चावीची लाइन आणि दुसरं टोक ईसीयूकडे. ईसीयू ते टोक फक्त अर्थ करतो. जेमतेम दीडशे मिलिॲम्पिअर वाहतात, वेटोळं चुंबक होतं, आतली पत्ती टक् करून चिकटते आणि त्याच्या शंभरपट प्रवाह पंख्याकडे धावतो. वेटोळ्याची वीज तुटते तेव्हा शंभर व्होल्टच्या वर उलटा झटका बसू शकतो. ईसीयू त्याने मरू नये म्हणून तिथे डायोड किंवा रोध बसवलेला असतो.

वायरची जाडीही वरवर सोडून देण्याची गोष्ट नाही. जाऊन-येऊन सहा मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटरची वायर घातली आणि तिच्यातून २० ॲम्पिअर ओढले, तर दोन व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातात आणि पंखा मरगळलेला फिरतो. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली, तर जेमतेम अर्धा व्होल्ट जातो. अर्थिंगही रंगावर किंवा गंजावर नको, घासून चकाकवलेल्या पत्र्यावरच. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही, त्यामुळे जोड नुसते पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा थिंबल दाबून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून केलेले बरे. जोडणी झाल्यावर जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरून बघावा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद आत ओढला जायला हवा. तो बाहेर उडाला, तर मोटरच्या दोन वायरी उलट लागल्यात आणि पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतोय. ही तपासणी करताना हात पात्यांपासून लांब ठेवावा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

पंखा कोणत्या तापमानाला चालू-बंद करायचा, ते आकडे ईसीयूत भरताना मात्र डोकं लागतं. कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडायला लागत असेल आणि पंख्याला ८० वर थांबायला सांगितलं, तर तो थांबणारच नाही. कारण थर्मोस्टॅट कूलंटला तितकं गार होऊच देत नाही. म्हणून चालू ९५ ला आणि बंद ९० ला, असं काहीतरी ठेवतात. मधलं अंतर मुद्दाम असतं. ते नसेल तर रिले सतत टक्टक् करत राहील आणि त्याची पत्ती जळेल. एसी लावला की तापमान न बघताच पंखा लावावा लागतो, कारण रेडिएटरपुढचा एसीचा कंडेन्सरही त्याच हवेवर अवलंबून. आणि पंखा लागला की अल्टरनेटरवर भार पडून इंजिन दबतं, म्हणून ईसीयू त्याच वेळी थोडी जास्त हवा देऊन इंजिन सावरतो. आपल्याला हादरासुद्धा जाणवत नाही.

नव्या गाड्यांत रिलेच्या जागी सेकंदाला कित्येक वेळा वीज तोडून-जोडून वेग हवा तितकाच ठेवणारे कंट्रोलर आलेत. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे अर्ध्या वेगाला लागते फक्त एक अष्टमांश. संथ फिरवण्यात केवढी बचत!

महामार्गावरच्या कंटेनर ट्रकला मात्र विजेचा पंखा जमत नाही. त्याचा पंखा वीसेक किलोवॅट सहज खातो. २४ व्होल्टवर त्याला आठशेहून जास्त ॲम्पिअर लागतील. म्हणून तो अजूनही इंजिनावरच फिरतो, फक्त मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो आणि नव्या ट्रकांत त्या तेलाची झडप ईसीयूच्या हातात असते.

इतकं सगळं असूनही पंखा बंद पडला की गॅरेजमध्ये पहिला शब्द ऐकू येतो, ‘डायरेक्ट करून टाकू.’ म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू, संगणकाला रजा. दोनशे रुपयांत काम होतं, पण इंजिन उशिरा तापतं, बॅटरी आणि मोटर अकारण झिजतात, आणि खरा बिघाड तसाच राहतो. पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं तर थांबवा. आधी फ्यूज बघायला सांगा. मग त्याच आकड्यांचा आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा रिले तिथे लावून बघा, मग सेन्सरची पिन, मग अर्थिंग. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान स्वतःच्या डोळ्यांनी ९० वरून ९५ ला चढताना पाहा, आणि रिलेच्या टक्कडे कान ठेवा.