पाठ केलेली चाल आणि सुचलेली चाल

राजापुढील प्यादे दोन घरे सरकवून डाव उघडणे, ही बुद्धिबळातील जुनी व सरळ रीत. काळ्यानेही तसेच उत्तर दिले, दोन्हीकडून एकेक घोडा बाहेर पडला आणि पांढऱ्याने आपला उंट काळ्या घोड्यावर रोखला, की त्या सुरुवातीस सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याचे नाव लाभते. या वाटेने गेलेला एक डाव प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे.

१९१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या स्पर्धेत क्यूबाचा कापाब्लांका पांढऱ्या, तर अमेरिकेचा विजेता फ्रँक मार्शल काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. १९०९ च्या सामन्यात मार्शलने त्याच्याकडून ८ डाव गमावले होते व १ जिंकला होता. या डावात आठव्या खेळीस मार्शलने वजिरापुढील प्यादे दोन घरे लोटले आणि आपले राजापुढील प्यादे बळी देऊ केले. ते घेण्यात पांढऱ्याच्या खेळ्या खर्ची पडाव्यात, वजिराच्या बाजूचे हत्ती, घोडा व उंट जागीच राहावेत आणि तेवढ्यात काळ्या फौजेने राजावर तुटून पडावे, हा त्यामागील हिशेब. हल्ला घरी अभ्यासून आणलेला आहे, हे कापाब्लांकाने ओळखले. पुढे तसे लिहिलेही. तरी त्याने प्यादे घेतले.

पंधराव्या खेळीस काळ्या घोड्याने राजाजवळचे प्यादे मारले. तो घोडा वजिराने टिपावा, असा मोह कोणासही व्हावा. पण मग उंटाच्या शहाने राजा उघड्यावर आला असता. कापाब्लांकाने शांतपणे हत्ती एक घर पुढे घेतला. शहांमागून शह झेलीत त्याचा राजा पायीच वजिराच्या बाजूस सुखरूप पोहोचला. एका हत्तीच्या मोबदल्यात उंट व घोडा पांढऱ्याकडे राहिले, काळा वजीर दूरच्या कोपऱ्यात अडकला आणि छत्तिसाव्या खेळीस डाव संपला.

तथापि या पद्धतीस आज नाव आहे ते पराभूताचे: मार्शल हल्ला. अकराव्या खेळीस घोडा मागे न घेता उंटापुढील प्यादे एक घर सरकवून त्याला आधार द्यावा, ही सुधारणा पुढे रूढ झाली. २००४ साली जगज्जेतेपदाच्या लढतीतील आठव्या डावात पीटर लेकोने याच हल्ल्याने क्रामनिकला हरविले. तेथे घरची तयारीच सरस ठरली.

तेव्हा अभ्यासास कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र न अभ्यासलेला प्रश्न समोर येतो तेव्हा स्वतःच्या बुद्धीवर विसंबून एकेक पाऊल टाकण्याचे धैर्यही शाळेने द्यावयास हवे.