चित्रकादंबरी : पाहायची की वाचायची?

कॉलेजच्या अभ्यासाला चित्रांचे पुस्तक नेमले आहे, असे ऐकले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. "चित्रं पाहायला कॉलेजात कशाला जायला हवं?" असे पालक उघड विचारतात, कित्येक शिक्षक मनातल्या मनात विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर असे एखादे पुस्तक उघडल्याशिवाय देता यायचे नाही.

इंग्रजीत ज्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, त्याला आपण चित्रकादंबरी म्हणू. चौकटीपुढे चौकट मांडून, चित्र आणि शब्द यांच्या जोडीने सांगितलेली ग्रंथाएवढी सलग कथा, ती चित्रकादंबरी. अमेरिकेत विल आयस्नर यांचे 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' १९७८ साली निघाले, तेव्हापासून हे नाव रुळत गेले. नाव कादंबरीचे; पण आत आत्मचरित्रही येते आणि इतिहासही.

आर्ट स्पीगेलमन यांचे 'माउस' घ्या. त्याचे दोन भाग १९८६ आणि १९९१ साली ग्रंथरूपाने आले. लेखकाचे वडील व्लाडेक हे पोलंडमधले ज्यू. ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले. म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये ते मुलाला आपली हकिगत सांगतात आणि मुलगा ती चितारतो. ज्यूंना त्याने उंदरांची तोंडे दिली आहेत, जर्मनांना मांजरांची. तुम्ही म्हणाल, ही तर पोरांची गंमत झाली! तर मग एक चित्र पाहा. आसरा उरलेला नाही, म्हणून व्लाडेक आणि त्याची बायको रस्त्याने चालली आहेत. त्या रस्त्याला फुटलेल्या वाटा नाझींच्या स्वस्तिकाच्या आकाराच्या आहेत. जायला ठिकाण नव्हते, एवढेच शब्द सांगतात. कुठेही वळा, पाऊल वैऱ्याच्या चिन्हावरच पडणार, हे मात्र चित्र सांगते. कविता शिकवताना आपण व्यंजना म्हणतो, ती याहून निराळी ती काय?

दुसरी गोष्ट दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेची. समजा, एका चौकटीत आई दारात उभी राहून मुलाला निरोप देते आहे. पुढच्या चौकटीत दार बंद आहे. मधल्या बोटभर जागेत काय घडले? आई रडली, की पाठ फिरवून कामाला लागली? ते कुणी काढलेले नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या मनात घडवायचे. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात हा व्यापार चित्रे काढूनच समजावून दिला. म्हणजे चित्र आले की डोक्याला काम उरत नाही, ही समजूत काही खरी नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण. २०११ साली 'भीमायन' हे इंग्रजी पुस्तक निघाले. विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. यात ठरावीक चौकोनी चौकटी नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवरची 'दिग्ना' नक्षीच पानाचे भाग पाडते. कुणी मायेने बोलले, तर बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. कुणी विषारी बोलले, तर त्या फुग्याला विंचवाची नांगी! बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, हे निराळे सांगावेच लागत नाही.

चित्र दाखवून कथा सांगणे आपल्याला नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्यांतली एकेक चित्रे समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने सांगत आले. फरक एवढाच, की तिथे दोन चित्रांना सांगणारा जोडतो. इथे ते काम वाचकावर पडते.

मग यामुळे मुलांचे गद्य वाचन सुटेल का? नुसतीच चित्रे हाती दिली, तर सुटेलही. बारकाईचा युक्तिवाद, मनातले लांबलचक मंथन ही गद्याची कामे, ती गद्यानेच करावीत. म्हणून दोन्ही जोडीने वाचावे. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या लहान भीमाचे काय हाल झाले, ते बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिले आहे. ते आधी वाचावे, मग 'भीमायन' मधला प्रवास पाहावा. चित्राने काय वाढवले, काय गाळले, हे विद्यार्थ्याला लिहायला सांगावे. हा प्रश्न गाईड पाठ करून सुटणारा नाही.

'माउस'ला १९९२ साली विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. तरीही जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या शालेय मंडळाने ते आठवीच्या अभ्यासातून काढून टाकले. कारण दिले शिव्यांचे आणि एका नग्न चित्राचे. चित्रांची पुस्तके हलकीफुलकी असती, तर एवढा खटाटोप कुणी केला असता का?

गुरुजनहो, वर्गात तीस प्रती नसल्या तरी अडत नाही. एकच पान भिंतीवर लावा. आधी मजकूर झाकून मुलांना विचारा, "काय चाललंय?" मग चित्र झाकून मजकूर वाचायला लावा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि पुढची चर्चा मुलांवर सोडा.