कंबरदुखी आणि चुंबक : पट्टा वेगळा, मशीन वेगळे

कंबर कधीच दुखली नाही अशी एक तरी संसारी बाई तुमच्या माहितीत आहे का? माझ्या तरी नाही. भिशीला, हळदीकुंकवाला, शाळेच्या पालकसभेला चार जणी जमल्या की पहिली पाच मिनिटे मुलांची आणि पुढची दहा कंबरेची. गंमत अशी की इतके बोलूनही डॉक्टरांकडे जाणे काही होत नाही. ‘बाळंतपणात शेकशेगडी नीट झाली नाही, मग दुखणारच’, ‘अंगावर पांढरं जातं ना, त्यानंच’, ‘आता वयच झालं’ अशी उत्तरे तयार असतात. आधी ती दुसऱ्यांकडून ऐकायची, मग स्वतःच स्वतःला ऐकवायची.

हे दुखणे काही थोडेथोडके नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे दर तेरा माणसांमागे एकाला. त्यातही बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. इतके दुखणे आणि इतकी कमी दाद, मग विकणाऱ्याला आणखी काय हवे? म्हणून तर चुंबकाचा पट्टा, चुंबकाची माळ, चुंबकाची चप्पल, चुंबकाची गादी असे सगळे आपल्या दारापर्यंत येते. आणि आता शहरांतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतही ‘चुंबकीय उपचाराचे मशीन’ अशी पाटी दिसू लागली आहे. पुष्कळ जणी मला विचारतात, ‘खरंच गुण येतो का हो?’ याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण पट्टा आणि मशीन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नाव तेवढे एक.

आधी पट्टा आणि गादी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दोन वर्षांपूर्वी भिशी लागली, ते सगळे पैसे त्यांनी एका गादीत घातले. ही गादी दुकानात मिळत नाही. ओळखीतल्या ओळखीत, घरी येऊन, चहा घेता घेता विकतात, आणि एक घेतलीत की पुढच्या तीन जणींना तुम्ही विकायची. विकणाऱ्या बाईंनी सांगितले की रक्तात लोह असते, चुंबक ते ओढतो, रक्ताभिसरण वाढते आणि दुखणे पळते. पंधरा दिवस वहिनी खूश होत्या. तिसऱ्या आठवड्यात कंबर पुन्हा धरली. त्यावर उत्तर मिळाले, ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, दुखणारच. हे गुण येत असल्याचं लक्षण!’ कमी झाले तरी गादीचा गुण, वाढले तरी गादीचाच गुण. गादी परत घेण्याचे नाव मात्र कुणी काढले नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. चुंबकाचे मला काय कळणार? म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारले. त्या मला सरळ प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. दहावीच्या पुस्तकात हा प्रयोग आहे, तुमच्याही मुलांनी केला असेल. तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेले, सुई असलेले एक छोटे यंत्र. वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला की सुई हलते, म्हणजे तारेत वीज उत्पन्न होते. आणि चुंबक आतच धरून स्वस्थ उभे राहिले तर? सुई शून्यावर. पाच मिनिटे धरा, नाही तर रात्रभर धरा. ‘चुंबक असून चालत नाही, त्याचा प्रभाव बदलत राहावा लागतो. तरच वीज,’ बाई म्हणाल्या. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेली ही गोष्ट आहे.

प्रयोगशाळेत कशाला, आपल्या ओट्यावरच पाहा. इंडक्शनच्या शेगडीत जाळ नसतो. आत तारेचे वेटोळे असते, त्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट वाहते, आणि त्या सतत बदलणाऱ्या चुंबकीय प्रभावाने पातेल्याचे बूड तापते. आता फ्रिजच्या दारावर दुधाचा हिशेब अडकवायला जो चुंबक लावतो, तो काढून पातेल्याला चिकटवून ठेवला, तर चहा होईल का? पट्ट्यात आणि गादीत शिवलेले असतात ते हेच फ्रिजवरच्यासारखे स्वस्थ चुंबक. एक तर ते जागचे हलत नाहीत, आणि त्यांचा जोरही त्वचेपासून थोडे दूर गेले की संपतो. कंबरेचे खोल स्नायू तर दूरच राहिले.

राहिली रक्तातल्या लोहाची गोष्ट. ते लोह खिळ्यासारखे किंवा लोखंडाच्या कढईसारखे नसते. हिमोग्लोबिनमध्ये ते अशा रूपात बांधलेले असते की चुंबक त्याला ओढून नेऊ शकत नाही. सगळ्या शरीरात मिळून लोह तरी किती? जेमतेम तीन-चार ग्रॅम. आणि याचा पुरावा आपल्यातल्या पुष्कळ जणींनी स्वतः घेतलेला आहे. एमआरआयच्या यंत्रातला चुंबक साधारण १.५ टेस्ला एवढ्या जोराचा असतो, म्हणजे फ्रिजवरच्या चुंबकाच्या शेकडो पट. चुंबक रक्त ओढत असता तर त्या नळीत झोपलेल्या माणसाचे काय झाले असते! प्रत्यक्षात अर्धा तास तो कंटाळतो आणि उठून घरी जातो.

तज्ज्ञांनी हे तपासूनही पाहिले आहे. अमेरिकेत २० जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना एक आठवडा खरे चुंबक आणि एक आठवडा तसेच दिसणारे खोटे चुंबक बांधले. कोणता आठवडा कशाचा, हे त्यांना सांगितले नव्हते. २००० साली निकाल छापून आला. दोन्हींत फरक दिसला नाही. पुढे २००७ साली अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही दुखण्यावर अशा चुंबकाची शिफारस करावी असे काही हाती लागले नाही.

मग वहिनींना पंधरा दिवस बरे वाटले ते खोटे का? मुळीच नाही. १७९६ साली अमेरिकेतल्या एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टरने धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या जागेवरून फिरवल्या की दुखणे निघून जाते म्हणे. कांड्या समुद्रापलीकडे इंग्लंडातही खपू लागल्या. तिथे बाथच्या रुग्णालयात १७९९ साली डॉ. जॉन हेगार्थ यांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण लाकडी कांड्या करून पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना आराम पडला! दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरवल्या, तर गुण तेवढाच. ते चौघे ढोंगी नव्हते. आपल्या दुखण्याकडे कुणीतरी मन लावून पाहते आहे, काही उपाय चालू आहे, एवढ्यानेही दुखणे हलके होते. शिवाय आपण खर्च करायला उठतो तो कंबर अगदी जायबंदी झाल्यावर, आणि उसण भरल्यासारखे नवे दुखणे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. त्या उताराचे श्रेय गादीला जाते. (घरातल्या माणसांनी आठ दिवस बादल्या उचलल्या, त्याचे श्रेय कुणी मोजत नाही, ते वेगळेच.)

आता मशीन. इथे फुंकर घालून उडवून लावण्यासारखे नाही, कारण हे मशीन इंडक्शनच्या शेगडीच्या जातीचे आहे. तळहातापेक्षा थोडे मोठे, तारेच्या वेटोळ्याचे चकतीसारखे उपकरण कंबरेवर धरतात. त्यातून विजेचा जोरदार झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ सोडतात. तेवढ्या क्षणात एक-दोन टेस्लाचा चुंबकीय प्रभाव उठतो आणि मावळतो, आणि त्या बदलाने कातडीखाली काही सेंटिमीटरपर्यंत बारीकसा विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. त्याने तिथली नस जागी होते आणि स्नायू आपोआप आकसतो. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली असे वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरले, तेव्हा हाताचा स्नायू हलला, आणि दुखले नाही. त्याच तत्त्वावरचे मेंदूचे मशीन अमेरिकेत २००८ पासून औदासीन्याच्या आजारासाठी मान्य झाले आहे. म्हणजे ही विद्या भोंदूपणाची नाही.

कंबरेवर ते लावतात तेव्हा टक्‌ टक्‌ असा आवाज येतो आणि कंबरेचे स्नायू आपले न ऐकता उडतात. पहिल्यांदा बाई दचकते, पण सुई टोचल्यासारखे काही होत नाही. पातळ कपड्यावरूनही करता येते, हे आपल्यासारख्या संकोची बायकांना बरे. हेतू असा की आखडलेला स्नायू सैल व्हावा, नसांतून मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी थोडी दबावी, आणि कंबरेचे खोल स्नायू, जे दुखण्यामुळे काम सोडून बसलेले असतात, ते पुन्हा कामाला लागावेत.

गुण येतो का? कंबरदुखीवरचे आजवरचे प्रयोग छोटे आहेत, बरेचसे काही डझन माणसांवरचे. त्यांतल्या काहींत दुखणे काही दिवस, काही आठवडे कमी झालेले दिसते. सहा महिन्यांनी, वर्षाने काय, याचा पुरावा तोकडा आहे. आणि एक अडचण मोठी गमतीची आहे. लाकडी कांडी करणे सोपे होते. स्नायू उडवणारे खोटे मशीन करणार कसे? रुग्णाला लगेच कळते, त्यामुळे मनाचा गुण किती आणि मशीनचा किती, हे वेगळे काढता येत नाही. सौम्य लहरींच्या चटईसारखे आणखी एक मशीन असते. न जुळणाऱ्या हाडांसाठी तसल्या लहरींना अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली होती. पण हाड जुळवणे वेगळे आणि कंबरदुखी वेगळी. एकीच्या प्रशस्तिपत्रकावर दुसरीची फी मागितली जाते, तिकडे लक्ष असू द्या.

तेव्हा कुणी हे मशीन सुचवलेच, तर पैसे भरण्याआधी विचारा : माझ्या दुखण्याचे निदान काय? किती वेळा यावे लागेल? तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत फरक नाही पडला तर थांबणार ना? आणि बरोबर व्यायाम कोणते शिकवणार? व्यायामाचे नाव न काढता नुसते दहा बैठकांचे पैसे एकरकमी मागणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही. व्यायामाच्या जोडीला, ओळखीच्या फिजिओथेरपिस्टने, परवडेल एवढ्यात मशीन लावले तर जरूर करून पाहा. दुखणे महिनाभर हलके झाले आणि तेवढ्यात कंबरेला हालचालीची सवय लागली, तर तेही काही कमी नाही.

एवढे मात्र न विचारताच सांगून टाका : हृदयाला पेसमेकर आहे, कानात ऐकण्याचे यंत्र बसवले आहे, मेंदूतल्या रक्तवाहिनीला क्लिप आहे, मणक्यात किंवा खुब्यात धातू घातला आहे, फिट येते, दिवस गेलेत किंवा गेल्याची शंका आहे. तांबी बसवली असेल तर तीही सांगायची, लाजायचे नाही. बांगड्या, साखळी, घड्याळ, साडीची पिन, मोबाईल, बँकेचे कार्ड दूर ठेवायचे. ‘सोनं कुठं चुंबकाला चिकटतं?’ असे म्हणू नका. चिकटत नाही हे खरे, पण तो धातू आहे, त्यातही प्रवाह उठतो.

मग रोजच्या दुखण्याला काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दुखण्याची नीट समज देणे, नियमित व्यायाम, मालिश, मनावरच्या ताणाचा उपचार, गरजेपुरते औषध यांना जागा आहे. कंबरेला पट्टा बांधणे, वजने लावून कंबर ताणणे, आवाजाच्या लहरींचा शेक या गोष्टी सरसकट करू नयेत असे म्हटले आहे. शिफारशींत चुंबकाचे नाव नाही. चालणे मात्र आहे, आणि त्याला भिशी मोडावी लागत नाही. दुखते म्हणून आठ-आठ दिवस आडवे पडून राहिले तर कंबर आणखी आखडते. थोडे थोडे हिंडतेफिरते राहावे. सलग दोन तास ओट्यापाशी उभे न राहता पोळ्या आणि भाजी यांच्यामध्ये दहा मिनिटे बसावे. पाण्याची भरलेली बादली एकटीने उचलण्याऐवजी दोन अर्ध्या बादल्या कराव्या, आणि घरात कॉलेजात जाणारा मुलगा असेल तर त्यालाच उचलू द्यावी. मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा दोन पिशव्यांत वाटून आणते.

काही कंबरदुख्या मात्र पट्टा, मशीन, मालिश यांपैकी कशासाठीही थांबणाऱ्या नसतात. दुखण्याबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणे असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे तो आहे, आणि औषधाने बरा होतो. पाळी गेलेल्या बाईला साध्या घसरण्यानंतर एकदम कळ आली तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल तर नवी कंबरदुखी डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. आणि पायातली शक्ती जात असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटत असेल, लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल, तर हे घरात बोलायला संकोच वाटला तरी बोला. यजमान फिरतीवरून परत येईपर्यंत वाट पाहू नका. शेजारणीला बरोबर घ्या आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.