गोळी बीपीची, फुगवटा हिरडीचा!

आरशात हसून बघताना आपण काय बघतो? दात! पांढरे आहेत ना, सरळ आहेत ना, झालं. हिरड्यांकडे बघतो कोण? पण याच हिरड्या दोन दातांच्या फटीतून फुगून वर चढायला लागल्या, तर? दात छोटे दिसतात, ब्रश लागला की रक्त येतं, आणि ग्रुप फोटोत ओठ मिटून हसायची सवय लागते.

माझ्या एका मित्राचं असंच झालं. वय ३४, आयटीत नोकरी, जागरणं आणि डेडलाइन्स. त्याने तीन टूथपेस्ट आणि दोन माउथवॉश बदलून पाहिले. शेवटी डेंटिस्टने विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" हा म्हणाला, "काहीच नाही." बीपीची गोळी त्याच्या हिशेबात औषध नव्हतीच, सकाळच्या चहासारखी सवय होती! खोदून विचारल्यावर नाव बाहेर आलं : ॲम्लोडिपिन.

ही भानगड नवी नाही. फेनिटॉइन हे औषध फिट्सवर चालतं हे १९३८मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी दाखवलं. लगेच १९३९मध्ये किम्बॉल या डॉक्टरने ते घेणाऱ्या पेशंट्सच्या हिरड्या वाढत असल्याची नोंद केली. पुढे या यादीत आणखी दोन नावं आली. एक, ट्रान्सप्लांटनंतर देतात ते सायक्लोस्पोरिन. दुसरं, निफेडिपिन आणि ॲम्लोडिपिनसारखी बीपीची औषधं. फेनिटॉइन घेणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना हा त्रास होतो. ॲम्लोडिपिनमध्ये प्रमाण बरंच कमी, पण ही गोळी घेणारेच इतके आहेत की आकडा छोटा राहत नाही.

आत नेमकं काय होतं?

हिरडीत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्या कोलॅजनचे धागे विणतात, आणि जुने धागे कापणारी एन्झाइम्सही बनवतात. थोडक्यात, बांधकाम आणि पाडकाम एकाच टीमकडे! किती बांधायचं याचे निरोप पेशी एकमेकींना प्रोटीनच्या रूपात पाठवतात. त्यातले दोन महत्त्वाचे निरोपे म्हणजे टीजीएफ-बीटा आणि सीटीजीएफ.

औषधामुळे गडबड दोन्हीकडे होते. 'बांधा, बांधा' हे निरोप वाढतात, आणि कापणारी एन्झाइम्स सुस्तावतात. हिरडीचा वरचा थरही गप्प बसत नाही, तोसुद्धा खालच्या पेशींना निरोप धाडत असतो. मात्र सगळ्या औषधांची तऱ्हा एक नाही. २००१मध्ये छापून आलेल्या बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात सीटीजीएफ सर्वात जास्त दिसलं ते फेनिटॉइनवाल्या हिरड्यांत. त्या घट्ट, धागेदार असतात. सायक्लोस्पोरिनवाल्या हिरड्या जास्त सुजट असतात, पटकन रक्त येणाऱ्या.

मग गोळी घेणाऱ्या प्रत्येकालाच का होत नाही? जीन्सचा वाटा आहेच. पण आपल्या हातातला भाग म्हणजे प्लाक, दातांवरचा तो चिकट थर. प्लाकमुळे सूज येते, आणि सूज आली की निरोपांचा गोंगाट आणखी वाढतो.

आता करायचं काय?

पहिली गोष्ट : गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही! फिट्सची गोळी अचानक सोडली तर न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ट्रान्सप्लांटवाल्याने औषध सोडलं तर मिळालेली किडनी शरीर नाकारू शकतं. बीपीची गोळी सोडून हिरड्या वाचवायच्या आणि स्ट्रोकला आमंत्रण द्यायचं, हा कसला सौदा?

दुसरी गोष्ट : डेंटिस्ट आणि फिजिशियन, दोघांनाही सांगा. बीपीसाठी वेगळ्या प्रकारच्या गोळ्या आहेत, सायक्लोस्पोरिनऐवजी बऱ्याचदा टॅक्रोलिमस देता येतं. पण हा निर्णय डॉक्टरांचा. सोबत डेंटिस्टकडून नीट क्लीनिंग करून घ्या आणि दातांच्या फटी रोज साफ ठेवा. फार वाढलेली हिरडी छोट्या सर्जरीने कापताही येते, पण औषध तेच राहिलं तर ती परत वाढू शकते.

आणि हो, गोळीच्या स्ट्रिपचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना नाव आठवून सांगणं जमत नाही, फोटो मात्र पटकन दाखवता येतो!