विमान घेणे एका दिवसाचे, सांभाळणे पिढ्यांचे

१९६२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेले बी-५२ हे बॉम्बर विमान अमेरिकी हवाई दलात आजही उड्डाण करते. नवी रोल्स-रॉइस इंजिने आणि नवे रडार बसवून ते २०५० च्या दशकापर्यंत सेवेत ठेवण्याचा बेत आहे. निवृत्तीसमयी त्याचे वय नव्वदीच्या आसपास असेल. लष्करी सामग्रीच्या खरेदीचे करार मथळ्यांत झळकतात. परंतु तिचा खरा खर्च आणि खरी सज्जता ठरते ती करारानंतरच्या दशकांत.

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजले जात नाही. उड्डाणाचे तास, उतरण्याची संख्या, तीव्र वळणांत सांगाड्यावर पडलेला ताण आणि खाऱ्या हवेने होणारी गंज या सर्वांची नोंद ठेवावी लागते. वारंवार पडणाऱ्या ताणामुळे धातूत डोळ्यांना न दिसणारी चीर निर्माण होते आणि ती हळूहळू वाढते. म्हणूनच ठरावीक तासांनंतर विमान संपूर्ण उकलून तपासले जाते. यालाच ओव्हरहॉल म्हणतात. ही तपासणी काय शोधायचे हे जाणणारी नसेल, तर काय घडते याचा धडा २ नोव्हेंबर २००७ रोजी मिळाला. मिसुरी एअर नॅशनल गार्डचे एफ-१५सी विमान सरावादरम्यान हवेतच दुभंगले. वैमानिक जखमी झाला, पण बचावला. सांगाड्यातील एक लांब आधारपट्टी मूळ आराखड्यापेक्षा पातळ बनली होती आणि तिच्यात चीर वाढत गेली होती, असे चौकशीत आढळले. निर्मितीतील चूक सुमारे पाव शतक दबा धरून बसली होती. त्यानंतर एफ-१५ चा ताफा जमिनीवर उभा करून तपासावा लागला.

क्षेपणास्त्राची गोष्ट निराळी. विमान वापराने झिजते, क्षेपणास्त्र मात्र न वापरताच म्हातारे होते. घन इंधनातील रसायने काळानुसार बदलतात, त्यात भेगा पडू शकतात. रबरी वेष्टणे कडक होतात, विद्युत् जोडण्या क्षीण होतात. मिनिटमन-३ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र १९७० मध्ये तैनात झाले, तेव्हा त्याचे अपेक्षित आयुष्य अवघे दहा वर्षांचे होते. इंधनाचे टप्पे आणि दिशादर्शक यंत्रणा नव्याने बसवून अमेरिकेने ते अर्धशतकाहून अधिक काळ टिकवले. त्याची विश्वासार्हता जोखण्यासाठी तैनात साठ्यातील एखादे क्षेपणास्त्र निवडून कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग येथून अण्वस्त्राविना डागले जाते. मात्र प्रत्येक चाचणीगणिक साठ्यातील एक क्षेपणास्त्र कमी होते. त्याची जागा घेणाऱ्या 'सेंटिनेल' प्रकल्पाचा अंदाजित खर्च २०२४ मध्ये ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला. परिणामी जुन्याचा सांभाळ आणखी लांबणार, हे ओघानेच आले.

आर्थिक बाजू एफ-३५ च्या उदाहरणाने स्पष्ट होते. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था 'जीएओ'च्या अहवालानुसार, या ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज २०१८ मधील १.१ लाख कोटी डॉलरवरून २०२३ मध्ये १.५८ लाख कोटी डॉलरवर पोहोचला. एकूण खर्चाचा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा हा देखभालीचाच. एवढे करूनही मार्च २०२३ मध्ये जेमतेम ५५ टक्के विमाने मोहिमेस सज्ज होती. सुट्या भागांची टंचाई आणि डेपोंतील रेंगाळलेली दुरुस्ती ही त्याची कारणे. पण त्यामागचा प्रश्न हक्काचा आहे. दुरुस्तीसाठी लागणारी तांत्रिक माहिती पुरेशा प्रमाणात लष्कराच्या हाती नाही. ती उत्पादक कंपन्यांकडे आहे. खरेदीच्या वेळी जे मागितले गेले नाही, ते नंतर मिळवणे महाग पडते.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न थेट नाशिकनजीकच्या ओझरला येऊन भिडतो. येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ बांधले गेले. १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झालेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. त्या दीर्घ सेवेत अनेक अपघात घडले, अनेक वैमानिकांनी प्राण गमावले. पर्यायी विमाने वेळेवर न आल्याने जुन्यांची सेवा लांबत गेली. आज सुखोई-३० एमकेआय या विमानांचे ओव्हरहॉलही ओझरलाच होते. परदेशी बनावटीचे विमान आपल्या भूमीवर पूर्ण उकलून पुन्हा जोडता येणे, ही क्षमता नव्या खरेदीइतकीच मोलाची आहे. कारण पुरवठादार देश युद्धात गुंतला किंवा संबंध बिघडले, तर सुटे भाग मिळण्याची वाट किती पाहायची, हे त्याच क्षमतेवर ठरते.

म्हणून यापुढे एखाद्या मोठ्या संरक्षण कराराची बातमी आली, की विमानांच्या संख्येआधी तीन गोष्टी पाहाव्यात: सुटे भाग किती वर्षे मिळणार, दुरुस्तीचे आराखडे कोणाच्या हाती राहणार आणि निवृत्तीपूर्वी पर्याय उभा राहणार का. यांची उत्तरे करारात नसतील, तर त्यांची किंमत पुढे ताफा आणि वैमानिक चुकवतात.